हॉलमधल्या टीव्हीवरचे वर्ष : २०२५ मधले माझे आवडते गेम

एप्रिलच्या अखेरीस एका रविवारी सकाळी आईने माझी चौकटींची वही हातात घेऊन स्वयंपाकघरातून हाक मारली आणि विचारले, "अरे, हा आपल्या नव्या जागेचा प्लॅन आहे का?" आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची चर्चा तेव्हा ऐन भरात होती. मुलुंड पूर्वेला आमच्या गल्लीत एकाआड एक इमारतीला हिरवी जाळी आणि पत्र्याचे कुंपण लागलेले आहे, आणि कार्पेट एरिया, कॉर्पस, भाडे हे शब्द आमच्या जेवणात मिठासारखे रोजचे झाले आहेत, त्यामुळे तिचा समज अगदीच अनाठायी नव्हता. वहीत मी पाच रकाने आणि नऊ ओळी आखल्या होत्या, त्यांत खोल्यांची नावे लिहिली होती, कोणत्या खोलीला किती दारे आणि ती कोणत्या बाजूला उघडतात याच्या खुणा केल्या होत्या. तिने चष्मा वर सरकवून बराच वेळ ते सगळे पाहिले आणि म्हणाली, "एवढ्या खोल्या, आणि देवघर कुठंय?" मी सांगितले की देवघर आहे, चॅपल नावाची खोली आहे, पण तिच्यात पाऊल टाकले की दर वेळी एक नाणे जाते. "मग बरोबर आहे," असे म्हणून तिने वही परत दिली.

ती वही 'ब्लू प्रिन्स' नावाच्या व्हिडिओ गेमसाठी होती. तो गेम पुढे आपल्या जागी येईलच; परंतु यंदाच्या क्रमवारीची कसोटी त्या सकाळी ठरली, म्हणून सुरुवात तिथून केली. दर डिसेंबरात मी वर्षभरात खेळलेल्या गेमची क्रमवारी लावतो. आजवर मी कथेला इतके, दृश्यांना इतके, संगीताला इतके असे गुण देत आलो, आणि बेरजेत पहिला आलेला गेम पाहून दर वेळी मलाच ते पटेनासे होई. मग मागे जाऊन संगीताचे दोन गुण कापायचे, कथेला तीन वाढवायचे आणि हवे ते उत्तर आणायचे, असा उद्योग चाले. शाळेत अशा रीतीने गणिते सोडवल्याबद्दल मार खाल्लेला असल्यामुळे यंदा गुण देणेच बंद केले.

आमचे घर वन बीएचके आहे. बेडरूम आई-बाबांची, आणि रात्री गाद्या पडल्या की हॉल आम्हा नवरा-बायकोचा. टीव्ही एकच, तो हॉलमध्ये, आणि माझा कॉम्प्युटर त्याच टीव्हीला जोडलेला आहे. आईच्या मालिका दहाला संपतात आणि त्यानंतर टीव्ही माझा, असा आमच्यात करार आहे. पण टीव्ही माझा झाला म्हणून हॉल काही माझा होत नाही. बाबा झोप येईपर्यंत आरामखुर्चीत बसलेले असतात, आई दुसऱ्या दिवशीची भाजी निवडत असते, बायको लॅपटॉपवर ऑफिसचे उरलेले काम उरकत असते. अंधाऱ्या खोलीत दार लावून, कानाला हेडफोन लावून एकट्याने गेममध्ये बुडून जाण्याचे जे वर्णन आपण वाचतो, ते सुख माझ्या वाट्याला आलेले नाही. मी जे काही खेळतो ते तीन माणसांच्या देखत खेळतो. यंदा मी ही अडचण न मानता मोजपट्टी मानली: टीव्ही बंद केल्यानंतर गेम हॉलमध्ये किती उरला, त्यावरून त्याची जागा.

मोजपट्टी एकतर्फी आहे, हे मान्य आहे. शिवाय माझ्याकडे फक्त कॉम्प्युटर असल्यामुळे 'घोस्ट ऑफ योतेई', 'डेथ स्ट्रँडिंग २' आणि 'डाँकी काँग बनान्झा' हे २०२५ मध्ये फक्त गेमच्या खास यंत्रांवर, म्हणजे कन्सोलवर, आलेले गेम माझ्या हाताला लागलेले नाहीत, म्हणून ते यादीत नाहीत. आणखी एक खुलासा नातेवाइकांसाठी. ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला, २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, तेव्हा आमच्याकडे दोन मावश्यांचे आणि एका काकांचे फोन आले. माझा नाद सरकारनेच सोडवला, अशी त्यांची समजूत झाली होती. रमीचे ॲप वेगळे आणि मी खेळतो ते वेगळे, हे समजावता समजावता मी दमलो, तेव्हा आईने फोन घेतला आणि "हा पैसे लावत नाही गं, नुसता वेळ घालवतो," एवढे सांगून विषय संपवला.

वादाचा मुद्दा आधी उरकतो. ११ डिसेंबरला लॉस एंजेलिसमध्ये झालेल्या द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातील सर्वोत्तम गेमसह नऊ पुरस्कार पटकावणारा 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३' माझ्या यादीत तिसरा आहे. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातील सँडफॉल इंटरॅक्टिव्ह या छोट्या कंपनीचा हा पहिलाच गेम. तो २४ एप्रिलला आला. कथेची मूळ कल्पना एका वाक्यात सांगता येते आणि ऐकणाऱ्याच्या मनातून जात नाही: ल्युमिएर नावाच्या शहरासमोर, समुद्रापलीकडे एक प्रचंड शिळा उभी आहे, पेंट्रेस नावाची कोणी एक वर्षातून एकदा जागी होऊन त्या शिळेवर एक आकडा रंगवते, आणि त्या वयाची सारी माणसे धूळ आणि फुलांच्या पाकळ्या होऊन हवेत विरून जातात. आकडा दर वर्षी एकाने खाली येतो. गेम सुरू होतो तेव्हा तो तेहतीसवर आलेला असतो, आणि ज्यांचे एकच वर्ष उरले आहे असे काही जण पेंट्रेसला संपवण्यासाठी मोहिमेवर निघतात.

सुरुवातीच्या प्रसंगात निरोपाचा दिवस असतो आणि जाणाऱ्यांच्या गळ्यात फुलांचे हार असतात. आईला वाटले लग्न आहे. मी खरा प्रकार सांगितल्यावर बायकोने लॅपटॉपवरून मान वर केली. "तू अडतीसचा," ती म्हणाली, "म्हणजे तू तर कधीच गेलास." मग तिची नजर आरामखुर्चीकडे गेली आणि ती जरा थांबून म्हणाली, "म्हणजे या गावात कुणालाच आजी-आजोबा नाहीत?" मी त्या गल्ल्यांमधून अर्धा तास हिंडलो होतो, तिथल्या पोरक्या मुलांशी बोललो होतो, तरी शहरात एकही पांढरे डोके नाही ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. हॉलमध्ये क्षणभर कोणी बोलले नाही. मग बाबा म्हणाले, "पेन्शन वाचली की त्यांची."

लढाईची पद्धत पाळीपाळीने वार करण्याची, म्हणजे जुन्या जपानी गेमच्या वळणाची आहे, परंतु शत्रूचा वार अंगावर येताना अचूक क्षणी बटण दाबून तो परतवावा लागतो, त्यामुळे आपली पाळी नसतानाही निवांत बसता येत नाही. लोरिअँ टेस्टार यांचे संगीत बाबांनी हेडफोन काढायला लावून ऐकले. एवढे असूनही गेम तिसरा का, तर उत्तरार्धासाठी. तिथे कथा जे वळण घेते ते मी इथे उघड करणार नाही, मात्र त्या वळणानंतर पहिल्या भागातल्या हारांचे आणि निरोपाचे वजन कमी होते असे माझे मत झाले. मी बायकोला शेवट सांगितला, तेव्हा तीही म्हणाली की तिला ते गावच जास्त आवडले होते.

चौथ्या जागी 'किंगडम कम: डिलिव्हरन्स २' आहे, आणि ही जागा त्याला बाबांनी मिळवून दिली आहे. झेक वॉरहॉर्स स्टुडिओचा हा गेम ४ फेब्रुवारीला आला. काळ १४०३, प्रदेश बोहेमिया, नायक हेन्री हा लोहाराचा मुलगा. जादू नाही, राक्षस नाहीत. आंघोळ न करता दरबारात गेलात तर लोक नाक मुरडतात आणि बोलणी फिसकटतात, इतका व्यवहारी गेम आहे. त्यात भात्यासमोर उभे राहून तलवार किंवा घोड्याचा नाल स्वतः घडवता येतो: लोखंड तापवायचे, ऐरणीवर घ्यायचे, ठोके द्यायचे, उलटायचे, पुन्हा तापवायचे. बाबांची सारी नोकरी माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये गेली. मी कुऱ्हाडीचे पाते घडवत असताना ते खुर्चीतून उठून टीव्हीपाशी आले आणि म्हणाले, "थांब. रंग बघ. केशरी असेपर्यंतच मारायचं, काळपट पडलं की हातोडा बाजूला आणि परत भट्टीत." मी ठोके देण्याच्या घाईत थंड लोखंडावर हातोडा मारत होतो. त्यांच्या सांगण्याप्रमाणे केले आणि पाते चांगल्या दर्जाचे निघाले. त्यानंतर आठ-दहा दिवस आम्ही कथेला हात लावला नाही, नुसते लोहारकाम केले. बाबा रंग सांगत आणि मी ठोके देई. तलवारीला पाण्यात बुडवताना होणारा आवाज ऐकून त्यांनी समाधानाने मान डोलावली होती. कथा अवाढव्य आहे आणि ती मी अजून पुरी केलेली नाही. ती पुरी होईल असे वाटतही नाही.

'हॉलो नाइट: सिल्कसाँग' पाचवा. याची घोषणा फेब्रुवारी २०१९ मध्ये झाली होती, आणि ऑस्ट्रेलियातील ॲडलेडच्या टीम चेरी या मूठभर माणसांच्या कंपनीने तो ४ सप्टेंबर २०२५ ला, आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला, अवघ्या वीस डॉलरच्या किमतीत विक्रीस ठेवला तेव्हा गर्दीमुळे जगभरची ऑनलाइन दुकाने कोलमडली. आमच्याकडे गौरी-गणपती २ तारखेला गेले होते. मखर टीव्हीच्याच जागेवर बसत असल्यामुळे आठवडाभर टीव्ही बेडरूमच्या कपाटाला टेकून उभा होता. तो ३ तारखेला परत भिंतीपाशी आला आणि ४ तारखेला गेम आला, हा योग मी शुभ मानला होता. तसे काही घडले नाही.

हॉर्नेट ही या गेमची नायिका. तिला पकडून फारलूम नावाच्या कीटकांच्या राज्यात आणले जाते आणि तळापासून शिखरावरच्या सिटाडेल नावाच्या बालेकिल्ल्यापर्यंत चढत जाणे हा तिचा प्रवास. त्याच वाटेने असंख्य यात्रेकरू किडे चाललेले असतात. चलन म्हणून जपमाळेचे मणी वापरतात, आणि काही ठिकाणी नुसते बाकावर टेकायलाही मणी मोजावे लागतात, हे पाहून आईला कोणते देवस्थान आठवले ते मी लिहीत नाही. सुरुवातीच्या प्रदेशात शेर्मा नावाचा एक चिमुकला यात्रेकरू बंद दरवाजासमोर किणकिण वाजवत गात उभा असतो. आपल्या गाण्याने दार उघडेल अशी त्याची श्रद्धा असते. दार उघडते ते हॉर्नेटच्या खटपटीने, पण श्रेय गाण्याला जाते. आई आषाढीला पंढरपूरला जाऊन आलेली आहे. तिने त्या शेर्माला पुन्हा दोनदा दाखवायला लावले.

गेम कठीण आहे, आणि माझ्या मते काही ठिकाणी विनाकारण कठीण आहे. शत्रूचा एकेक फटका दोन-दोन प्राण घेऊन जातो. कंपनीनेही पहिल्याच सुधारणेत सुरुवातीचे दोन बॉस, म्हणजे मोठे शत्रू, थोडे सौम्य केले. सिटाडेलच्या दारावर लास्ट जज नावाचा घंटाधारी पहारेकरी आहे. हरले की शेवटी टेकलेल्या बाकापासून पुन्हा सुरुवात होते आणि तिथून त्याच्यापर्यंतची लांबलचक वाट पुन्हा उड्या मारत गाठावी लागते. मी तिथे आठवडाभर अडकलो. एका रात्री बाबांनी विचारले, "हे दार सोडून दुसरीकडून आत जायला वाट नाही का?" मी जरा चिडूनच सांगितले की नाही. महिन्याभरानंतर कळले की आहे. धुक्याच्या प्रदेशातून एक आडवाट थेट वर निघते. ज्याने आयुष्यभर दादर स्टेशनच्या पुलांवरची गर्दी टाळली आहे, त्याला असे प्रश्न सुचतात.

'स्प्लिट फिक्शन' सहावा. हेझलाइट या कंपनीचा हा गेम दोघांनीच खेळावा लागतो, एकट्याला तो सुरूही करता येत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत दहावीत जाणारी भाची आठवडाभर राहायला आली होती, तिच्याबरोबर मी तो अर्ध्याहून अधिक खेळलो, आणि ती डोंबिवलीला परत गेल्यावर उरलेला ऑनलाइन पुरा केला. एकाने विकत घेतला की दुसऱ्याला फुकट खेळता येतो, ही सोय उत्तम आहे. एक लेखिका विज्ञानकथा लिहिते, दुसरी परीकथा, आणि एक प्रकाशक यंत्राच्या साहाय्याने दोघींच्या कल्पना चोरू पाहतो, एवढेच कथानक. ते जेमतेम आहे. मजा आहे ती दर दहा-पंधरा मिनिटांनी नवा नियम काढून जुना फेकून देण्याच्या उधळपट्टीत. एका प्रकरणात दोघी डुकरे होतात, उड्या मारतात, वायू सोडून उडतात, आणि शेवटी त्यांचे सॉसेज होते. भाची हसून लोळली. आई उठून आत गेली. "मामा, तू उडी उशिरा मारतोस," हे वाक्य त्या आठवड्यात मी इतक्यांदा ऐकले की अजून लोकल पकडताना ते कानात येते.

सातव्या जागी 'हेडीस २' आहे, आणि तासांच्या हिशेबाने मी यंदा सर्वांत जास्त तोच खेळलो आहे. पाताळाची राजकन्या मेलिनोई काळाचा अधिपती क्रोनोस याला मारायला निघते, मरते, परत येते, पुन्हा निघते. एक फेरी साधारण अर्ध्या तासात होते आणि नोकरदार माणसाच्या रात्रीत ती चपखल बसते. हात इतका बसला की डोके वापरावेच लागेना. परंतु हॉलमध्ये या गेमविषयी तीन महिन्यांत जे एकमेव वाक्य उच्चारले गेले ते "अजून तेच चाललंय?" हे होते, आणि यंदाच्या मोजपट्टीने त्याला यापेक्षा वर नेता येत नाही.

आता वहीकडे परत येतो. 'ब्लू प्रिन्स' दुसरा आहे. टोंडा रॉस या माणसाने तो आठ वर्षे खपून तयार केला आणि १० एप्रिलला तो प्रसिद्ध झाला. इंग्रजी नाव भरभर उच्चारले की घराचा नकाशा या अर्थाचा शब्द ऐकू येतो, ही त्यातली पहिली खोडी. सायमन नावाच्या मुलाला आजोबांच्या पिढीतल्या एका नातलगाचा माउंट होली नावाचा वाडा वारसाहक्काने मिळतो, पण एका अटीवर: पंचेचाळीस खोल्यांच्या या वाड्यातली सेहेचाळिसावी खोली त्याने शोधून काढली पाहिजे. वाडा रोज रात्री पुसला जातो आणि रोज सकाळी आपण तो नव्याने रचतो. प्रत्येक बंद दाराला हात लावला की तीन खोल्यांचे नकाशे समोर येतात, त्यांतला एक निवडायचा, आणि ती खोली त्या दारामागे उभी राहते. दिवसाला पन्नास पावले मिळतात. एका खोलीतून दुसरीत जायला एक पाऊल खर्च होते. पावले संपली की दिवस संपला. मुंबईत जागेचा विचार करणारा कोणीही माणूस हा गेम समजावून न सांगता समजू शकतो, कारण चांगल्या खोलीला एकच दार असते, हव्या त्या खोलीला पैसे पुरत नाहीत, आणि जी परवडते तिच्यात पलीकडे जायला वाटच नसते.

वाड्यात पार्लर नावाची खोली येते. तिथे निळी, पांढरी आणि काळी अशा तीन पेट्या असतात, प्रत्येकीवर काही विधान लिहिलेले असते, आणि रत्ने एकाच पेटीत असतात. नियम असा की किमान एका पेटीवरचे लिखाण खरे असते आणि किमान एकीवरचे खोटे. नमुना म्हणून मी माझ्या शब्दांत एक कोडे देतो. निळ्या पेटीवर लिहिले आहे, "रत्ने या पेटीत आहेत." पांढरीवर लिहिले आहे, "रत्ने निळ्या पेटीत आहेत." काळीवर लिहिले आहे, "या पेटीत रत्ने नाहीत." मी अशा वेळी वहीत तक्ता काढायला बसे. आई गवार निवडता निवडता टीव्हीकडे पाहून म्हणे, "निळीत असतील तर तिघीही खरं बोलतात, म्हणजे निळीत नाहीत. काळीत असतील तर तिघी खोटं बोलतात, म्हणजे तिथेही नाहीत. पांढरी उघड." आणि गवारीच्या शिरा काढण्याचे काम तिचे क्षणभरही थांबत नसे. इंग्रजी मजकूर मी मोठ्याने मराठीत सांगायचा आणि तिने पेटी सांगायची, अशी पद्धत पडली. पंधरा-सोळा दिवसांनी कोडी अवघड होत गेली तेव्हा तिचा एक अंदाज चुकला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या लाटताना तिने आपण होऊन सांगितले की चूक कुठे झाली ते तिला रात्री अंथरुणावर पडल्यावर कळले.

जूनमध्ये, पाऊस चांगला लागलेला असताना, आम्ही सेहेचाळिसाव्या खोलीत पोहोचलो. तोवर वहीची सत्तर पाने भरली होती. आईने खोली पाहिली, "बरं झालं बाई," म्हणाली आणि झोपायला गेली. तिच्या दृष्टीने गेम तिथे संपला होता. प्रत्यक्षात तो संपत नाही. त्या खोलीनंतर चित्रांमध्ये, पत्रांमध्ये, तारखांमध्ये दडलेल्या कोड्यांचा दुसरा गच्च थर तळघरासारखा लागतो, आणि तिथे या गेमवरचा माझा राग सुरू होतो. उत्तर ठाऊक असते, पण ते वापरण्यासाठी लागणारी खोली त्या दिवशी तीन नकाशांत येतच नाही. नशिबाची वाट पाहत संध्याकाळच्या संध्याकाळ जाते. मी आणखी तीन आठवडे एकट्याने झगडलो. आईला बोलावले तर ती म्हणाली, "आता पुरे, सोसायटीच्या मीटिंगचं बघ." वहीची उरलेली तीस पाने कोरी आहेत. पहिल्या क्रमांकाच्या आड तेवढीच पाने आली.

पहिला क्रमांक 'डेस्पेलोते'ला. हा गेम पुरता दोन तासांचा आहे आणि त्यात जिंकण्यासारखे काहीच नाही. तो १ मे रोजी आला. महाराष्ट्र दिनाची सुट्टी होती, उकाडा भयंकर होता, आणि आईच्या मालिकेची वेळ व्हायला अवकाश असल्यामुळे मी दुपारीच टीव्ही ताब्यात घेतला होता.

इक्वेडोर देशाची राजधानी कीटो, साल २००१. आठ वर्षांचा हुलियान हा मुलगा, म्हणजे हा गेम सेबास्तियान वाल्बुएना यांच्या साथीने बनवणारे हुलियान कोर्देरो स्वतः. इक्वेडोरचा फुटबॉल संघ पहिल्यांदाच विश्वचषकाच्या जवळ येऊन ठेपला आहे आणि शहराला दुसरे काही सुचत नाही. दोनच वर्षांपूर्वी देशातल्या बँका कोसळल्या आहेत, स्वतःचे चलन जाऊन डॉलर आला आहे, मोठी माणसे त्याबद्दल बोलत असतात, आणि मुलाच्या कानावर ते अर्धवट पडत असते. गेमची सुरुवात टीव्हीवर फुटबॉलचा व्हिडिओ गेम खेळणाऱ्या या मुलाने होते. तो खेळत असतो आणि मागे घरातली मंडळी आपापले बोलत असतात. हे दृश्य आले तेव्हा बायको माझ्याकडे पाहून नुसती हसली.

पुढे आपण उद्यानात जातो. आई सांगते अमुक वाजेपर्यंत परत ये, हातात घड्याळ असते, पायात चेंडू असतो. चेंडू कोणाच्याही दिशेने मारता येतो, बाकावरच्या माणसांना, बाटल्यांना, दुसऱ्या मुलांना. काही जण परत मारतात, काही ओरडतात. पार्श्वभूमी जुन्या, कणीदार, एकाच रंगात धुऊन काढलेल्या छायाचित्रासारखी दिसते आणि माणसे मात्र कागदावर काळ्या रेषेने काढलेली, त्यामुळे गर्दीतही प्रत्येक चेहरा उठून दिसतो. संवाद स्पॅनिशमध्ये, आवाज कीटोच्या रस्त्यांवर जाऊन टिपलेले. सामन्याच्या दिवशी दुकानातल्या टीव्हीसमोर माणसे गोळा झालेली असतात आणि आपण त्यांच्या कमरेच्या उंचीवरून फटीतून पाहण्याचा प्रयत्न करतो. गोल झाला की आवाज आधी ऐकू येतो आणि दिसते नंतर.

हेडफोन लावलेले नव्हते, कारण दुपार होती. बाबा वर्तमानपत्र वाचत होते. गर्दीचा तो आवाज ऐकून त्यांनी ते बाजूला ठेवले. त्यांना वाटले खरोखरचा सामना लागला आहे. कोणाचा, कधीचा, असे विचारत त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि मग शेवटपर्यंत ते हलले नाहीत. दुकानासमोरची ती गर्दी पाहून त्यांनी सांगायला सुरुवात केली की पंचाहत्तर साली रेडिओ होता, आणि त्र्याऐंशीच्या फायनलला परळच्या चाळीत एकाच खोलीत टीव्ही होता, तिथे आत जागा नव्हती म्हणून ते गॅलरीत उभे राहून खिडकीच्या गजांतून पाहत होते, आणि पुढे कोणी तरी उंच माणूस उभा असल्यामुळे रिचर्ड्सचा झेल त्यांना दिसलाच नाही, नुसती ओरड ऐकू आली. हा झेल मी असंख्य वेळा पाहिला आहे. बाबांनी तो त्या क्षणी पाहिला नव्हता, हे मला अडतीस वर्षांत कधी कळले नव्हते.

गेम ७ नोव्हेंबर २००१ च्या सामन्यापाशी येतो. उरुग्वेविरुद्ध कीटोत एक-एक अशी बरोबरी झाली, बरोबरीचा गोल इवान काविएदेसने केला, आणि त्या एका गुणावर इक्वेडोर पहिल्यांदा विश्वचषकात गेला. तो प्रसंग गेम ज्या रीतीने दाखवतो ते सांगून मी कोणाची मजा घालवणार नाही. दोन तासांत संपणाऱ्या या गेमला शंभर तासांच्या गेमच्या वर बसवले म्हणून माझे गेम खेळणारे मित्र नाराज होतील. स्पॅनिशमधल्या या नावाचा अर्थ पसारा, गोंधळ असा आहे, आणि गेमही तसाच पसरट आहे. काही जागी आपण नेमके काय करायचे ते कळत नाही, चेंडू पायाला नीट चिकटत नाही, शेवटाकडचा एक भाग माझ्या मते लांबला आहे. तरीही यंदा हॉलमध्ये सर्वांत अधिक काळ उरला तो हाच. बाबा त्यानंतर आठवडाभर चाळीतल्या त्या खोलीबद्दल बोलत होते, टीव्हीवर घोंगडी पांघरून ठेवणाऱ्या तिच्या मालकांबद्दल, चहा कोणी केला त्याबद्दल.

शेवटची नावांची यादी सरकू लागली तेव्हा त्यांनी विचारले, "मग वर्ल्ड कपात काय झालं त्यांचं?"

मी फोनवर पाहून सांगितले: इटलीकडून हरले, मेक्सिकोकडून हरले, क्रोएशियाला एक-शून्य असे हरवले आणि पहिल्या फेरीतच घरी आले.

"तीनातला एक," बाबा म्हणाले. "पंचाहत्तरला आपणही तीनातला एकच जिंकलो होतो. ईस्ट आफ्रिकेशी." आणि त्यांनी वर्तमानपत्र परत उघडले.